पहिलीच्या वर्गातील दोन मराठी

‘पोरगं पयता पयता पळलं.’ वरूड तालुक्यातील शेंदूरजनाघाट येथे सहा वर्षांच्या एखाद्या मुलाने हे वाक्य उच्चारले, तर त्याच्या आईला, आजीला आणि शेजारच्या दुकानदाराला त्याचा अर्थ तत्क्षणी कळतो. मूल धावत होते आणि धावता धावता पडले. परंतु हेच वाक्य त्याने पहिलीच्या वर्गात उच्चारले आणि वर्गावरील शिक्षक दुसऱ्या भागातून बदलून आलेले असले, तर त्यांच्या कानी काही निराळेच पडते. ‘पयता’ हा शब्द त्यांना अशुद्ध वाटतो, आणि ‘पळलं’ म्हणजे मूल पळाले अशी त्यांची समजूत होते. मग दुरुस्ती सुरू होते. ‘पयता’ नव्हे, ‘पळता’ म्हण. ‘पळलं’ नव्हे, ‘पळालं’ म्हण. आज्ञाधारक मूल दुरुस्त केलेले वाक्य म्हणून दाखवते, आणि त्याचा अर्थ होतो, मूल पळता पळता पळाले. वाक्य शुद्ध झालेले असते. त्यातला अपघात मात्र नाहीसा झालेला असतो.

या लहानशा घोटाळ्यामागे वऱ्हाडी बोलीचा एक काटेकोर नियम आहे. प्रमाण मराठीत जेथे ‘ळ’ येतो, तेथे वऱ्हाडीत पुष्कळदा ‘य’ येतो. डोळा हा डोया होतो, काळा हा काया होतो आणि ‘शाळेत’ हे ‘शायेत’ होते. त्याच न्यायाने ‘पळणे’ याचे ‘पयणे’ झाले. दुसरीकडे स्वरानंतर आलेला ‘ड’ हा ‘ळ’कडे झुकतो. गाडीची गाळी होते आणि ‘पडला’ याचा ‘पळला’ होतो. एक ध्वनी आपली जागा सोडून पुढे सरकला आणि त्याच्या मोकळ्या जागी दुसरा येऊन बसला. पण दोन अर्थांचे दोन शब्द अखेरपर्यंत वेगळेच राहिले. हा प्रकार प्रत्येक घरात सारख्या प्रमाणात ऐकू येत नाही. शिकलेल्या कुटुंबांत तो विरळ होत चालला आहे. परंतु जेथे तो आहे, तेथे तो नियमाने आहे. ‘मले’, ‘तुले’ ही रूपे, ‘तो उद्या येईन’ हा भविष्यकाळ, ‘मी जाऊन राहिलो’ हा चालू वर्तमानकाळ आणि मुलीनेही ‘मी येतो’ असेच म्हणण्याची रीत, या साऱ्यांची गोष्ट हीच आहे. सहा वर्षांचे मूल या नियमांत सहसा चुकत नाही. त्याला व्याकरण येत असते. फक्त ते छापलेले नसते.

शिक्षक अनेकदा याच मुलखातले असतात आणि घरी तेही वऱ्हाडीच बोलतात, हे खरे. ते ‘पळलं’चा अर्थ चुकवणार नाहीत. परंतु दुरुस्ती तेही करतात. किंबहुना अधिक कडकपणे करतात, कारण शाळेच्या पायरीवर आपली बोली उतरवून ठेवल्यावाचून आपण शिक्षक म्हणून शोभत नाही, असे त्यांना त्यांच्या शिक्षकांनी शिकवलेले असते. प्रश्न असा की, या मुलाला शाळेने पहिल्या दोन-तीन वर्षांत काय सांगावे? ‘तुझे चुकले’ असे सांगावे, की ‘तू म्हणतोस ते घरचे, आणि हे पुस्तकातले’ असे सांगावे? प्रमाण मराठी शिकवावयाचीच आहे, याबद्दल वाद नाही. ती कोणत्या वाटेने शिकवावी, एवढाच वाद आहे. पण त्या वाटेवर पुष्कळ मुलांचे शिक्षण अवलंबून आहे.

‘शुद्ध’ कोणी ठरवले?

शुद्ध आणि अशुद्ध ही जोडी सोवळ्या-ओवळ्याच्या व्यवहारातून भाषेच्या वर्गात आली आणि येताना आपला सगळा अहंकार बरोबर घेऊन आली. वस्तुतः ज्याला शुद्ध मराठी म्हणतात, ती एका विशिष्ट काळी, विशिष्ट ठिकाणी, विशिष्ट कामासाठी ठरवलेली मराठी होय. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली निघाला. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. ही दोन्ही कामे मुंबई इलाख्यात झाली आणि ती थोरच होती. परंतु त्या वेळी वऱ्हाड निजामाच्या राज्यात होता. तो इंग्रजांच्या कारभाराखाली आला १८५३ च्या तहाने, आणि मध्यप्रांताला जोडला गेला १९०३ साली. म्हणजे छापील मराठीचे माप प्रथम ठरले, तेव्हा वऱ्हाडी माणूस त्या बैठकीला हजरच नव्हता. पुढे १९५६ साली विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि १९६७ साली पुण्यास पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळ स्थापन होऊन साऱ्या राज्याच्या मुलांच्या हाती एकच बालभारती आली. राज्याच्या एकात्मतेच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण ज्या बोलीवर ते माप बेतले होते, तिच्या शेजारी वाढलेल्या मुलाला शाळा म्हणजे घराची पुढची खोली वाटते; वरूडच्या मुलाला ते परगाव वाटते.

माप बदलत नाही असेही नाही. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने मान्य केले आणि शब्दांवरचे कितीतरी अनुस्वार एका निर्णयाने गळून पडले. त्यापूर्वी ‘नांव’ आणि ‘कांहीं’ असे लिहिणारा विद्यार्थी बरोबर होता. त्यानंतर तो चुकू लागला. आजोबांचे शुद्ध नातवाच्या वहीत लाल शाईने खोडले जाऊ लागले. नियम हवेत, कारण त्यांच्यावाचून वर्तमानपत्र, कायदा आणि प्रश्नपत्रिका चालणार नाही. परंतु जे ठरावाने ठरते, ते ठरावाने बदलते; त्याला पावित्र्य चिकटवण्याचे कारण नाही.

येथे वजनमापांचे उदाहरण घेण्यासारखे आहे. दशमान पद्धतीची वजने या देशात १९५८ पासून प्रचारात येऊ लागली. तोवर शेर, पायली, मण आणि खंडी यांवर सारा बाजार चालत होता. बदल घडवताना शासनाने शेतकऱ्याला असे सांगितले नाही की, तुझ्या पायलीने मोजलेली ज्वारी अशुद्ध आहे. त्याच्यापुढे कोष्टक आले. एका शेराचे इतके ग्रॅम, एका मणाचे इतके किलो. काही वर्षे दोन्ही मापे लोकांच्या तोंडी शेजारी शेजारी नांदली आणि मग नवे माप अंगवळणी पडले. प्रमाणभाषा हेही एक माप आहे. ते सर्वांना यावयास हवे. पण पहिलीच्या मुलाला आजवर कोणी कोष्टक दिलेले नाही. त्याला फक्त त्याचे धान्य खोटे आहे असे सांगण्यात येते.

रिद्धपूरचा शेजार

ज्या मुलखातील मुलांची बोली आज वर्गात हसण्यावारी नेली जाते, त्याच मुलखात मराठी गद्याची पहिली मोठी इमारत उभी राहिली, हा योगायोग विसरण्याजोगा नाही. वरूडला लागूनच मोर्शी तालुका आहे आणि त्या तालुक्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी लीळाचरित्र रचले. चक्रधरांच्या मागे पंथाचे ग्रंथ संस्कृतात लिहावेत असे विद्वान शिष्यांच्या मनात आले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना आवरले. कारण तसे केले तर पंथातल्या साध्यासुध्या म्हाताऱ्या बाया ज्ञानाला मुकल्या असत्या. महानुभाव परंपरेने जपलेली ही आठवण म्हणजे शिक्षणशास्त्राचा एक मोठा धडा आहे. ऐकणाराला समजेल ते आधी, आणि बोलणाराला शोभेल ते नंतर.

हाच धडा विसाव्या शतकात गाडगेबाबांनी गिरवला. अमरावती जिल्ह्यात जन्मलेला हा माणूस शाळेत शिकलेला नव्हता. त्याचे कीर्तन वऱ्हाडीत चाले, श्रोत्यांना प्रश्न विचारीत चाले, आणि मुंबईच्या श्रोत्यांनाही ते समजे. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले असून त्याचा कायदा २०२३ साली संमत झाला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला. उद्धव शेळक्यांची ‘धग’ ही १९६० सालची कादंबरी तिच्यातील वऱ्हाडी संवादांसह मराठीतील श्रेष्ठ कादंबऱ्यांत गणली जाते. विद्यापीठात आणि साहित्यात जिला मान मिळतो, तीच बोली पहिलीच्या मुलाच्या तोंडून आली की चूक ठरते. मोठ्यांनी लिहिली तर ती समृद्धी, आणि लहानांनी बोलली तर गावंढळपणा, हा न्याय फार काळ टिकण्यासारखा नाही.

सहा वर्षांची कमाई

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर शाळेच्या दारात उभे असलेले मूल रिकाम्या हाताने आलेले नसते. सहा वर्षांत त्याने एक संपूर्ण भाषा कमावलेली असते. हजारो शब्द, वाक्ये घडवण्याचे नियम, रागावण्याची आणि विनवण्याची रीत, कोडी, म्हणी, शेतीच्या अवजारांची नावे, हे सारे भांडवल त्याच्या घराने आणि गल्लीने उभे केलेले असते आणि त्यासाठी सरकारी तिजोरीतून एक पैसाही खर्च झालेला नसतो. कोणताही शहाणा व्यापारी हाती आलेले भांडवल पुढच्या धंद्यात घालील. शाळा मात्र पहिल्याच दिवशी ते बुडीत खाती टाकते आणि शून्यातून नवा व्यवहार सुरू करते.

या व्यवहाराचा तोटा हिशेबात दिसत नाही, म्हणून तो नाही असे नव्हे. ‘बाई, मी उद्या येतो’ असे म्हणणाऱ्या मुलीला ‘तू मुलगी आहेस ना? येते म्हण’ असे सांगितले जाते आणि वर्ग हसतो. पुढच्या खेपेस ती मुलगी आधी मनात वाक्य तपासते, मग बोलते. त्याच्या पुढच्या खेपेस ती बोलतच नाही. पहिलीतील वाचन हे बोलण्याच्या आधारावर उभे असते. जे ऐकले आहे, जे तोंडात आहे, ते अक्षरांत ओळखता आले की मूल वाचू लागते. पुस्तकात शेत, बांध आणि बैलगाडी असते. मुलाच्या ओळखीचे असतात वावर, धुरा आणि बंडी. अक्षर नवे, शब्दही नवा आणि बोलण्याची भीती, असे तिहेरी ओझे सहा वर्षांच्या जिवावर एकदम पडते. ज्यांच्या घरी पुस्तके आहेत त्यांची मुले ते पेलतात. संत्र्याच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या आईबापांच्या मुलांना ते पेलत नाही, आणि मग ‘मूल मठ्ठ आहे’ असा शेरा मिळतो. भाषेतील अंतराची नोंद अशा रीतीने बुद्धीच्या खात्यावर केली जाते.

शिक्षणविषयक धोरणांत या अंतराला जागाच नाही. शिक्षणहक्क कायदा २००९ सालचा. त्यात शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात निदान पाचवीपर्यंत घरची किंवा मातृभाषा हे माध्यम असावे असा आग्रह आहे. वरूड तालुक्यात माध्यम मराठी आणि पालकांनी नोंदवलेली मातृभाषाही मराठी. तेव्हा कागदोपत्री प्रश्न सुटला. ‘मराठी’ या एका नावाच्या आत जे अंतर आहे, ते मोजण्याचा रकाना कोणत्याच तक्त्यात नाही. २०२५ साली पहिलीपासून हिंदी शिकवण्याच्या प्रश्नावर महाराष्ट्र ढवळून निघाला. १६ एप्रिलचा आणि १७ जूनचा असे दोन शासननिर्णय निघाले आणि २९ जूनला ते मागे घेण्याची घोषणा झाली. तिसरी भाषा कोणती, याची चर्चा घरोघर झाली. त्या मुलाची पहिली भाषा शाळेने ओळखली आहे काय, हा प्रश्न त्या गदारोळात फारसा ऐकू आला नाही.

फलटण आणि ॲन आर्बर

हा प्रश्न महाराष्ट्रात कोणी हाताळलाच नाही असे मात्र नव्हे. मूळच्या अमेरिकन आणि पुढे फलटणवासी झालेल्या भाषाशास्त्रज्ञ डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलण्यातील सामाजिक भेदांवर पीएच.डी.साठी संशोधन केले आणि मग त्या ग्रंथालयात न रमता वाचता न येणाऱ्या मुलांकडे वळल्या. १९७८ पासून त्यांनी फलटणमध्ये अशा मुलांसाठी काम सुरू केले. त्यातून प्रगत शिक्षण संस्था आणि पुढे कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी राहिली. मुलाची बोली ही त्याच्या शिकण्यातली अडचण नाही. तिच्याविषयीची शाळेची वृत्ती ही अडचण आहे, ही जाणीव या कामाच्या मुळाशी होती. फलटण हे काही वऱ्हाड नव्हे. ते तर प्रमाण मराठीच्या मुलखाला अधिक जवळचे. तेथेही जर वर्गातील बोलींचा भेद एवढा महत्त्वाचा ठरत असेल, तर सातपुड्याच्या पायथ्याशी तो किती असेल याचा विचार व्हावा.

त्याही आधी ठाणे जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ नंतर कोसबाडला जे बालशिक्षण उभे केले, त्याचे सूत्रच असे होते की, मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे. अंगणवाडी या शब्दामागे तीच कल्पना आहे. पायांनी अंगणात जाणे सोपे; कानांनी जाणे अजून बाकी आहे.

परदेशातील एक खटला या संदर्भात उद्बोधक आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यातील ॲन आर्बर येथे काही गरीब कृष्णवर्णीय मुलांच्या पालकांनी शाळामंडळाविरुद्ध दावा लावला. ही मुले घरी जी इंग्रजी बोलत, ती शिक्षकांना अशुद्ध वाटे, आणि त्यामुळे मुले मंदबुद्धीची ठरवली जात. १२ जुलै १९७९ रोजी न्यायमूर्ती चार्ल्स जॉइनर यांनी पालकांच्या बाजूने निर्णय दिला. शाळांनी ती बोली शिकवावी असे त्यांनी म्हटले नाही. प्रमाण इंग्रजी वाचायला शिकवताना मुलांची घरची भाषा लक्षात घेतली गेली नाही हा दोष त्यांनी दाखवला आणि शिक्षकांना ती ओळखता यावी, यासाठी मंडळाने उपाय योजावेत असे सांगितले. म्हणजे न्यायालयाने अभ्यासक्रम बदलला नाही. शिक्षकाचा कान बदलण्यास सांगितले. वऱ्हाडातील शाळांनाही याहून अधिक काही नको आहे.

वर्गात काय करता येईल?

शेंदूरजनाघाट हे गाव संत्र्याच्या कलमांसाठी प्रसिद्ध आहे. जंबेरीचे बी पेरून रोप वाढवायचे आणि त्याच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बसवायचा, हे काम तेथील रोपवाटिकांत पिढ्यान्‌पिढ्या चालते. जंबेरीचे फळ बाजारात खपत नाही म्हणून कोणी तिचे मूळ उपटत नाही. कारण त्या मातीत धरून राहण्याची ताकद त्या मुळात असते. दृष्टांत फार ताणू नये. पण घरच्या बोलीच्या खुंटावर प्रमाण मराठीचा डोळा बसवावा, हे त्या गावाला वेगळे समजावून सांगण्याची गरज पडू नये.

यासाठी नवी योजना लागत नाही, नवे अनुदान लागत नाही. पहिलीच्या पहिल्या काही महिन्यांत मुलाला त्याच्या बोलीत गोष्ट पूर्ण सांगू द्यावी. मध्ये अडवू नये. गोष्ट संपल्यावर शिक्षकांनी तीच पुस्तकी मराठीत पुन्हा सांगावी आणि मुलांना विचारावे, कोणते शब्द बदलले? भिंतीवर दोन रकान्यांचा तक्ता लावावा. एकावर ‘घरचे’ आणि दुसऱ्यावर ‘पुस्तकातले’ असे लिहावे. वावर आणि शेत, धुरा आणि बांध, बंडी आणि बैलगाडी, मले आणि मला, डोया आणि डोळा, अशा जोड्या मुलांनीच शोधून आणाव्यात. दहा-वीस जोड्या जमल्या की चौथीतली चुणचुणीत मुले ‘य’ आणि ‘ळ’चा नियम स्वतःच सांगतील. नियम कळला तर चूकही टळते. नुसते ‘य म्हणू नको’ असे बजावले, तर बिचारे मूल उद्या ‘पाय’चाही ‘पाळ’ करील.

पुढची पायरी खेळाची. एकाने संत्र्याचा बागवान व्हावे, दुसऱ्याने दिल्लीचा व्यापारी, तिसऱ्याने कीर्तनकार, चौथीने बँकेतली अधिकारी. कोणाशी कसे बोलावे, हे मुले पाहता पाहता ठरवतात, कारण घरी ती रोज तेच पाहत असतात. बाप मजुरांशी वऱ्हाडीत बोलतो, व्यापाऱ्याशी हिंदीत, आणि नगरपरिषदेच्या कचेरीत अर्ज देताना आवाज बदलून पुस्तकी मराठी आठवतो. पलीकडे मुलताई-पांढुर्ण्याचा मुलूख. तेथल्या नातेवाइकांच्या बोलण्यात आणखी निराळी सरमिसळ. माणूस प्रसंगानुसार भाषा बदलतो आणि त्यात लबाडी किंवा लाज नसून शहाणपण आहे, हे ज्ञान व्याकरणाच्या पुष्कळ धड्यांहून मोलाचे आहे. जी मुलगी एकाच निरोपाची दोन रूपे करू शकते, एक आजीसाठी आणि एक मुख्याध्यापकांसाठी, तिला प्रमाण मराठीची भीती उरत नाही.

वही तपासतानाही थोडा विवेक हवा. ‘पानी’ हे बोलीचे रूप आहे. ‘पाणि’ ही लेखनाची चूक आहे. दोहोंखाली एकच लाल रेघ ओढल्याने मुलाला काहीच कळत नाही. पहिलीखाली ‘घरचे’ असे लिहून शेजारी पुस्तकातले रूप द्यावे आणि दुसरी सरळ दुरुस्त करावी. प्राथमिक शिक्षकांच्या पदविका अभ्यासक्रमात आपापल्या जिल्ह्याच्या बोलीची ओळख हा एक विषय असावा, आणि शिक्षक-हस्तपुस्तिकांत त्या त्या विभागासाठी चार पाने राखावीत. मराठीच्या बोलींची पाहणी ग्रिअर्सनने विसाव्या शतकाच्या आरंभी केली. २०१३ साली लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड निघाला. सामग्री आहे, ती पहिलीच्या वर्गापर्यंत पोचलेली नाही.

आक्षेप आणि उत्तरे

सर्वांत मोठा आक्षेप पालकांचा आहे आणि तो खोटा नाही. ‘आमच्या पोराले शुद्ध शिकवा, वऱ्हाडी तर त्याले येतेच,’ असे बाप म्हणतो. त्याने लोकसेवा आयोगाच्या परीक्षा पाहिल्या आहेत, मुलाखतीत हसलेली माणसे पाहिली आहेत. बोलीचे कौतुक करणारे बहुतेक लोक स्वतः प्रमाण मराठीत नोकरी करतात, हेही त्याने पाहिले आहे. त्याला उत्तर एवढेच की, येथे बोलीतील पाठ्यपुस्तके मागितलेली नाहीत किंवा परीक्षेत सवलतही मागितलेली नाही. चौथीच्या अखेरीस त्याच्या मुलाने प्रमाण मराठी निर्भयपणे वाचावी, लिहावी आणि बोलावी, हेच ध्येय आहे. लाजेने शिकवलेली भाषा तोंडात बसत नाही. आजवरचा अनुभव काही वेगळे सांगत नाही.

दुसरा आक्षेप असा की, वर्गात एकच बोली थोडीच असते? कोणाच्या घरी हिंदी असते, कोणाच्या उर्दू, कोणाच्या पवारी. हे खरे आहे, आणि म्हणूनच तक्त्याला दोनच रकाने असावेत असा हट्ट नको. मात्र याच जिल्ह्यात मेळघाटातील कोरकू मुलाची गोष्ट निराळी आहे. कोरकू ही मराठीची बोली नव्हे. ती मुंडा कुळातली स्वतंत्र भाषा आहे. तेथे कोष्टक पुरणार नाही. तेथे आरंभीचे शिक्षणच त्या भाषेतून द्यावे लागेल. बोलीचे अंतर आणि भाषेचे अंतर यांत भेद करणे, हेही शिक्षकाला शिकवले पाहिजे.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा. माहिती भरणे, सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे, दोन-दोन वर्ग एकत्र, यांत हे नवे काम कोठे बसवायचे? तक्रार रास्त आहे. परंतु यातले बहुतेक काम नवे नाहीच. ते काही करण्याचे नसून काही न करण्याचे आहे. मुलाला अडवू नये, हसू नये, हसू देऊ नये. यासाठी वेळ लागत नाही.

इंग्रजी शाळांच्या गाड्या आज तालुक्याच्या गावांतून खेडोपाडी फिरतात आणि मराठी शाळांचे पट घटतात, याची खंत सर्वत्र व्यक्त होते. ज्या मराठी शाळेने मुलाला त्याची मराठी हीन आहे असे शिकवले, तिनेच मराठी सोडण्याचा पहिला धडा दिला, हेही त्या खंतीत मिळवावयास हवे. ज्याची घरची बोली एकदा हिणवली गेली, त्याला पुस्तकी मराठीही परकीच. मग दुसरी परकी भाषा, जिच्यात निदान पैसा आहे, ती काय वाईट?

आणि अखेरीस पुन्हा त्या मुलाकडे वळावे. ‘पयता पयता पळलं’ असे सांगत जे मूल वर्गात येते, ते काही व्याकरणाचा प्रश्न घेऊन आलेले नसते. कोणीतरी पडले आहे, एवढे त्याला सांगायचे असते. शिक्षकांनी आधी गुडघा पाहावा, क्रियापद मागाहून पाहता येईल.